अंतर किती, वेळ किती? बंगळुरू ते सॅन फ्रान्सिस्को हवाई मार्गाचे गणित

आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. भारतातून अमेरिकेला जाण्यास त्यांना जवळजवळ दोन महिने लागले. त्यानंतर १३७ वर्षांनी, ९ जानेवारी २०२१ रोजी रात्री साडेआठ वाजता, एअर इंडियाचे एक विमान अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को येथून निघाले आणि वाटेत कोठेही न थांबता ११ जानेवारीच्या पहाटे ३ वाजून ७ मिनिटांनी बंगळुरूच्या केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरले. या विमानाचे सारथ्य कॅप्टन झोया अगरवाल, कॅप्टन पापागरी थन्मई, कॅप्टन आकांक्षा सोनवणे आणि कॅप्टन शिवानी मन्हास या चार महिला वैमानिकांनी केले होते.

या दोन शहरांमधील हवाई अंतर सुमारे १४ हजार किलोमीटर आहे. पृथ्वीचा परीघ सुमारे ४० हजार किलोमीटर असल्यामुळे तिच्या पृष्ठभागावरील कोणत्याही दोन ठिकाणांमध्ये २० हजार किलोमीटरपेक्षा अधिक अंतर असू शकत नाही. म्हणजे बंगळुरू आणि सॅन फ्रान्सिस्को ही शहरे एकमेकांपासून जितके दूर जाणे शक्य आहे त्याच्या सुमारे ७० टक्के अंतरावर वसलेली आहेत. ‘विमानाने किती तास लागतात?’ हा प्रश्न आज महाराष्ट्रातील आणि सीमाभागातील असंख्य घरांत विचारला जातो. त्याचे उत्तर मात्र केवळ अंतराला वेगाने भागून मिळत नाही. पृथ्वीचा आकार, वाऱ्याची दिशा, विमानाची क्षमता, देशोदेशींच्या आकाशाचे नियम आणि घड्याळांतील फरक या सर्वांचा त्यात वाटा असतो.

दोन शहरांचे नाते

बंगळुरू आणि सॅन फ्रान्सिस्कोजवळील सिलिकॉन व्हॅली यांचे नाते गेल्या चार दशकांतील आहे. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस ही कंपनी १९८३ मध्ये बंगळुरूला गेली. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने बंगळुरूमध्ये आपले केंद्र सुरू केले. संगणकावरील काम उपग्रहाद्वारे क्षणार्धात सातासमुद्रापार पाठविता येऊ लागले, तरी माणसांची ये-जा थांबली नाही. उलट ती वाढली. अभियंते, विद्यार्थी, उद्योजक आणि परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे जाणारे वृद्ध आई-वडील यांच्यासाठी वाटेत युरोपात, आखातात किंवा पूर्व आशियात विमान बदलणे अपरिहार्य होते. मधल्या थांब्यासह हा प्रवास सहज २० ते २४ तासांचा किंवा त्याहून अधिक होई. थेट सेवेचे महत्त्व यावरून लक्षात येते.

सपाट नकाशा आणि गोल पृथ्वी

भिंतीवरील नकाशावर बंगळुरूपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत पट्टीने सरळ रेघ ओढली, तर ती पूर्वेकडे प्रशांत महासागर ओलांडून जाते. नाविकांसाठी तयार झालेल्या मर्केटर पद्धतीच्या नकाशावर या रेघेने प्रवास केल्यास अंतर सुमारे १६ हजार १०० किलोमीटर भरते. प्रत्यक्षातील सर्वांत कमी अंतर याहून सुमारे २ हजार १०० किलोमीटरने कमी आहे. हा फरक गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरल्यामुळे निर्माण होतो. अशा नकाशात ध्रुवांकडील प्रदेश वास्तवापेक्षा फार मोठे दिसतात आणि तेथून जाणारी जवळची वाट लांबची भासते.

शाळेतील पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला की खरी वाट दिसते. हा दोरा ज्या वर्तुळाचा भाग असतो, त्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते. म्हणून त्यास बृहद्वृत्त म्हणतात. गोलावरील दोन बिंदूंमधील लघुतम मार्ग नेहमी बृहद्वृत्तावर असतो. गोलाचे हे गणित आपल्या परंपरेला अपरिचित नव्हते. भास्कराचार्यांच्या ११५० मधील ‘सिद्धान्तशिरोमणी’ या ग्रंथाचा ‘गोलाध्याय’ हा एक भाग आहे. पृथ्वीच्या परिघाचा अत्यंत लहान अंश आपल्या दृष्टीस पडतो म्हणून ती सपाट भासते, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले होते. चाळीसगावनजीक पाटण येथे सापडलेल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याचा उल्लेख आहे.

अंतराची आकडेमोड पुढीलप्रमाणे होते. बंगळुरू विमानतळ सुमारे १३.२ अंश उत्तर अक्षांश व ७७.७ अंश पूर्व रेखांशावर आहे. सॅन फ्रान्सिस्को विमानतळ सुमारे ३७.६ अंश उत्तर अक्षांश व १२२.४ अंश पश्चिम रेखांशावर आहे. गोलीय त्रिकोणमितीने या दोन ठिकाणांमधील कोन पृथ्वीच्या केंद्रापाशी सुमारे १२५.८ अंश येतो. एका अंशाला पृष्ठभागावरील सुमारे १११.२ किलोमीटर या हिशेबाने अंतर १३ हजार ९९० किलोमीटरच्या आसपास भरते. एअर इंडियाने जाहीर केलेले १३ हजार ९९३ किलोमीटर हे अंतर याच्याशी जुळते.

बंगळुरूहून ही वाट पूर्वेकडे न जाता उत्तर-ईशान्येकडे निघते. चीन आणि सैबेरिया ओलांडून ती सुमारे ७१ अंश उत्तर अक्षांशापर्यंत, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्याही पलीकडे जाते आणि तेथून वळून अमेरिकेच्या किनाऱ्याकडे उतरते. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. लघुतम मार्ग उत्तर ध्रुवावरून जात नाही. थेट ध्रुवावरून गेल्यास अंतर सुमारे १४ हजार ३६५ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ ३७५ किलोमीटरने अधिक होते. तरीही जानेवारी २०२१ मधील पहिल्या उड्डाणासाठी ध्रुवीय मार्ग निवडण्यात आला. असे का केले, याचे उत्तर वाऱ्यामध्ये आहे.

वाऱ्याची अनुकूलता

मोठी प्रवासी विमाने साधारणपणे ९ ते १२ किलोमीटर उंचीवरून उडतात. याच उंचीवर मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात ते विशेष प्रबळ होतात. जपान आणि उत्तर प्रशांत महासागरावर त्यांचा वेग अनेकदा ताशी २०० किलोमीटरहून अधिक असतो. विमान हवेत उडत असल्यामुळे हवेची गती विमानाच्या गतीत मिळविली जाते किंवा तीतून वजा होते.

एका सोप्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. हवा स्थिर असताना विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला, तर १४ हजार किलोमीटरसाठी सुमारे १५ तास ३३ मिनिटे लागतील. संपूर्ण मार्गावर ताशी १०० किलोमीटर वेगाचा वारा पाठीशी असेल, तर हाच प्रवास १४ तासांत होईल. तेवढाच वारा समोरून असेल, तर साडेसतरा तास लागतील. म्हणजे अंतर तेच असूनही जाण्या-येण्याच्या वेळेत साडेतीन तासांचा फरक पडतो. शिवाय जाताना झालेला लाभ आणि येताना झालेला तोटा समसमान नसतात. वारा नसता तर दोन्ही प्रवासांना मिळून ३१ तास ७ मिनिटे लागली असती. वाऱ्यामुळे ती ३१ तास ३० मिनिटे होतात. याचे कारण असे की, समोरच्या वाऱ्यात विमान अधिक काळ राहते आणि पाठीच्या वाऱ्याचा लाभ त्यास कमी काळ मिळतो.

या तत्त्वाचा ठळक दाखला एअर इंडियाच्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सेवेने दिला. ही थेट सेवा २ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झाली. प्रारंभी विमाने अटलांटिक महासागरावरून, म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जात. ऑक्टोबर २०१६ मध्ये ती प्रशांत महासागरावरून पूर्वेकडे नेण्यात आली. नव्या वाटेने सुमारे १५ हजार ३०० किलोमीटर अंतर कापावे लागले. हे आधीच्या मार्गापेक्षा सुमारे १ हजार ४०० किलोमीटरने अधिक होते. तरीही पाठीशी वारा असल्यामुळे हे उड्डाण सुमारे साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर पूर्ण झाले. लांबची वाट या ठिकाणी लवकरची ठरली.

परतीच्या प्रवासात मात्र हाच वारा अडथळा बनतो. ध्रुवीय प्रदेशात जेट प्रवाहाचा जोर तितका नसतो. म्हणूनच काही शे किलोमीटरचा वळसा पत्करूनही ध्रुवावरून जाणे लाभदायक ठरू शकते. पहिल्या बंगळुरू उड्डाणात या मार्गामुळे सुमारे १० टन इंधन वाचल्याचे वैमानिकांनी सांगितले होते. प्रत्येक उड्डाणापूर्वी हवामानाचे अंदाज तपासून त्या दिवसाचा मार्ग ठरविला जातो. त्यामुळे एकाच सेवेचा मार्ग आणि वेळ ऋतुमानानुसार, एवढेच नव्हे तर दररोजही बदलू शकते.

ध्रुवीय मार्गावरील दक्षता

एअर इंडियाच्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाने १५ ऑगस्ट २०१९ रोजी ध्रुवीय मार्गाचा अवलंब केला होता. अशा मार्गासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी आणि वैमानिकांचे विशेष प्रशिक्षण आवश्यक असते. चुंबकीय ध्रुवाजवळ होकायंत्र विश्वासार्ह राहत नाही, म्हणून खऱ्या उत्तर दिशेच्या आधारे मार्गक्रमण करावे लागते. विषुववृत्तावर स्थिर भासणारे संपर्क उपग्रह ध्रुवाजवळून क्षितिजाखाली जातात, त्यामुळे संपर्काची निराळी व्यवस्था लागते. सूर्यावरील वादळांच्या काळात रेडिओ संपर्कात व्यत्यय येतो आणि किरणोत्साराचे प्रमाणही वाढते.

इंधनाच्या तापमानाकडेही लक्ष ठेवावे लागते. विमानात सर्रास वापरले जाणारे जेट ए-१ इंधन उणे ४७ अंश सेल्सियसपर्यंत द्रवरूप राहते. बाहेरील हवा मात्र त्याहून थंड असू शकते. इंधन फार थंड होऊ लागल्यास विमान खालच्या, उबदार थरात आणणे किंवा त्याचा वेग वाढविणे हे उपाय योजले जातात. दोन इंजिनांच्या विमानाला, एक इंजिन बंद पडले तरी ठराविक वेळेत गाठता येईल असा पर्यायी विमानतळ वाटेत असावा लागतो. निर्जन आर्क्टिक प्रदेशात असे विमानतळ मोजकेच आहेत.

विमान आणि विमानतळ

पहिल्या उड्डाणासाठी वापरलेल्या बोइंग ७७७-२०० एलआर या विमानात २३८ आसने होती. जागतिक स्तरावर या प्रकारच्या विमानाने १० नोव्हेंबर २००५ रोजी विक्रम नोंदविला. हाँगकाँगहून पूर्वेकडे निघून २१ हजार ६०० किलोमीटरहून अधिक अंतर कापून ते २२ तास ४२ मिनिटांनी लंडनला पोहोचले होते. मात्र ते प्रवासी आणि सामान यांनी भरलेले नियमित उड्डाण नव्हते. नियमित सेवेत वजनाचा प्रश्न निर्णायक ठरतो.

या विमानाचे उड्डाणसमयीचे कमाल वजन सुमारे ३४७ टन असते आणि टाक्या पूर्ण भरल्यास त्यांतील सुमारे १४५ टन वजन केवळ इंधनाचे असते. म्हणजे एकूण वजनाचा चार दशांशांहून अधिक वाटा इंधनाचा झाला. प्रवासाच्या अखेरच्या तासांत लागणारे इंधन सुरुवातीचे अनेक तास वाहून न्यावे लागते आणि ते वाहण्यासाठीही इंधन खर्च होते. म्हणून फार लांबच्या थेट सेवेत दर किलोमीटरचा खर्च मध्यम पल्ल्याच्या सेवेपेक्षा वाढतो. प्रसंगी काही आसने रिकामी ठेवावी लागतात किंवा माल कमी घ्यावा लागतो.

बंगळुरूच्या बाबतीत भूगोल यात आणखी भर घालतो. देवनहळ्ळी येथील विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ९१५ मीटर उंचीवर आहे. उंचावर हवा विरळ असते आणि उन्हाळ्यात ती आणखी विरळ होते. विरळ हवेत पंखांना मिळणारा आधार आणि इंजिनांची शक्ती दोन्ही कमी होतात. परिणामी जड विमानाला उड्डाणापूर्वी अधिक वेग घ्यावा लागतो आणि त्यासाठी लांब धावपट्टी लागते. हा विमानतळ मे २००८ मध्ये सुरू झाला. तेथील दोन धावपट्ट्या प्रत्येकी ४ हजार मीटर लांबीच्या असून दुसरी धावपट्टी डिसेंबर २०१९ मध्ये वापरात आली. समुद्रसपाटीवरील सॅन फ्रान्सिस्कोला ही अडचण नाही. त्यामुळे एकाच विमानाला दोन्ही टोकांकडून सारखेच वजन घेऊन निघता येईल, असे नाही.

घड्याळाचे कोडे

तिकिटावरील निघण्याची व पोहोचण्याची वेळ पाहून प्रवासाचे तास मोजताना अनेकांचा गोंधळ होतो. दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात, हे त्याचे कारण आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारित असून ती जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. सॅन फ्रान्सिस्कोची हिवाळी वेळ आठ तास आणि उन्हाळी वेळ सात तास मागे असते. म्हणून दोन्ही शहरांतील फरक हिवाळ्यात साडेतेरा तास आणि उन्हाळ्यात साडेबारा तास असतो.

पहिल्या उड्डाणाचा हिशेब या पद्धतीने करून पाहता येईल. ९ जानेवारीची रात्री साडेआठची वेळ म्हणजे भारतात १० जानेवारीचे सकाळचे दहा. तेथपासून ११ जानेवारीच्या पहाटे ३ वाजून ७ मिनिटांपर्यंत १७ तास ७ मिनिटे होतात. तारखांकडे पाहिल्यास मात्र हा प्रवास दोन दिवसांचा भासतो. उलट, बंगळुरूहून हिवाळ्यात दुपारी दोन वाजता निघालेले विमान १६ तासांनी सॅन फ्रान्सिस्कोला उतरले, तर तेथे त्याच दिवशी दुपारचे साडेचार वाजलेले असतील. घड्याळ अडीच तास पुढे सरकले, पण शरीराने १६ तास घालविले, असा हा प्रकार आहे.

दिवस-रात्रीची जवळजवळ पूर्ण अदलाबदल होत असल्याने शरीराचे अंतर्गत घड्याळ जुळण्यास अनेक दिवस लागू शकतात. दीर्घकाळ एका जागी बसल्याने पायांतील रक्ताभिसरण मंदावते. म्हणून अधूनमधून चालणे, पुरेसे पाणी पिणे आणि पूर्वीचा आजार असल्यास डॉक्टरांचा सल्ला घेणे ज्येष्ठ प्रवाशांसाठी हिताचे असते. वैमानिकांच्या कामाच्या तासांवरही नियमांनी मर्यादा घातलेली आहे. अशा उड्डाणात चार वैमानिक नेमले जातात आणि ते आळीपाळीने विश्रांती घेतात.

आकाशाच्या सीमा

आकाश मोकळे दिसत असले तरी प्रत्येक देशाचा आपल्या भूमीवरील हवाई क्षेत्रावर अधिकार असतो. फेब्रुवारी २०१९ पासून जुलै २०१९ पर्यंत पाकिस्तानचे हवाई क्षेत्र बंद राहिल्याने उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा घ्यावा लागला. यामुळे एअर इंडियाला २ जुलै २०१९ पर्यंत ४९१ कोटी रुपयांचा भार सोसावा लागल्याची माहिती सरकारने राज्यसभेत दिली होती. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपले आकाश पुन्हा बंद केले, तेव्हा उत्तर अमेरिकेच्या काही उड्डाणांना इंधनासाठी वाटेत थांबावे लागले. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यानंतर रशियाचे आकाश अनेक पाश्चात्त्य कंपन्यांना बंद झाले. बंगळुरू–सॅन फ्रान्सिस्को लघुतम मार्गाचा मोठा भाग सैबेरियावरून जातो, हे लक्षात घेतल्यास या घटनेचे महत्त्व कळते.

अशा परिस्थितीत दूर पल्ल्याची थेट सेवा सुरू करण्यापेक्षा ती टिकविणे अधिक कठीण असते. बंगळुरू–सॅन फ्रान्सिस्को सेवाही मध्यंतरी खंडित झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू करण्यात आली होती. सिंगापूर–न्यूयॉर्क परिसर ही अतिदूरची थेट सेवा २००४ मध्ये सुरू झाली, २०१३ मध्ये बंद पडली आणि कमी इंधन वापरणारी नवी विमाने आल्यावर २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली. इंधनाचे दर, विमानांची उपलब्धता आणि खुले आकाश यांचा मेळ बसला तरच नकाशावरील रेघ वेळापत्रकात टिकते.

घरापासून घरापर्यंत

प्रवाशाच्या दृष्टीने प्रवास विमानतळावर सुरू होत नाही. बेळगाव ते बंगळुरू हे रस्त्याचे अंतर सुमारे ५०० किलोमीटर असून तो रात्रभराचा प्रवास आहे. बंगळुरू शहराच्या मध्यापासून देवनहळ्ळी आणखी सुमारे ३५ किलोमीटर दूर आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणापूर्वी किमान तीन तास आधी पोहोचणे अपेक्षित असते. हे सर्व मिळविल्यास १६ तासांचे उड्डाण घरापासून घरापर्यंत सहज ३० तासांचे होते. आकाशात दोन तास वाचविण्यासाठी जे प्रयत्न होतात, तितकेच जमिनीवरील वेळ वाचविण्यासाठीही व्हावयास हवेत. प्रादेशिक हवाई जोडणीच्या ‘उडान’ योजनेचा विचार याच दृष्टीने करावा लागेल. या योजनेतील पहिल्या सेवांना २७ एप्रिल २०१७ रोजी प्रारंभ झाला, त्यांत नांदेड–हैदराबाद ही सेवा होती. लहान शहरांतील विमानतळ मोठ्या विमानतळांशी नियमितपणे जोडले गेले, तर दूरच्या उड्डाणांचा लाभ महानगरांपुरता मर्यादित राहणार नाही.

जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणले. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला आणि १९६० मध्ये न्यूयॉर्कला एअर इंडियाची सेवा सुरू झाली. प्रत्येक टप्प्यावर थांबे कमी होत गेले, मात्र शहरांमधील अंतर तसूभरही घटले नाही. घटला तो वेळ, आणि त्यामागे विज्ञान, कौशल्य व देशादेशांतील सहकार्य यांची जोड होती. तिकीट घेताना प्रवाशाने किलोमीटरचा आकडा पाहून समाधान मानू नये. दोन्ही ठिकाणच्या स्थानिक वेळा, मधले थांबे, ऋतूनुसार होणारा फरक आणि घरापासूनचा एकूण वेळ यांचा हिशेब त्याने स्वतः करावा. हा हिशेब जमला, तर दूरच्या गावी राहणाऱ्या आपल्या माणसापर्यंत पोहोचण्यास खरोखर किती वेळ लागेल, हे त्याला निघण्यापूर्वीच कळू शकेल.